पायाखालची गोधडी

"दाब ना गं ताई, दाब!" शैला ओरडली.

"दाबलंय! पार बुडाला टेकवलंय!"

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर खिंड चढत होता आणि त्याला मागं टाकायला मी गाडी उजव्या अंगाला काढली होती. मागची ट्रॉली ओलांडली, पुढचीच्या बरोबरीला आले आणि वरच्या वळणावरून एसटी खाली आली. आता गाडीनं उसळी घ्यायची, झाला मामला. पण उसळी कसली घेतीय! इंजिन नुसतं घुमतंय, पाय खाली टेकलाय आणि गाडी आपली लग्नातल्या नवरीसारखी सावकाश. मी कचकन ब्रेक मारला, ट्रॉल्या पुढं जाऊ दिल्या आणि त्यांच्या मागं घुसले. उसाचे शेंडे काचेला घासले. एसटीचा ड्रायव्हर जाता जाता काय बोलला ते ऐकू आलं नाही, हाताची खूण मात्र दिसली.

शैला दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. तिला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडे आलेली, आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात दाखवून आम्ही परत निघालो होतो.

"आईला सांगू नकोस," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? तूच बोलून जाशील. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

खरंच होतं ते. पण ही गोष्ट आईला सांगायची नाही, हे आम्हा दोघींनाही न बोलता कळत होतं. आमचे वडील, तात्या, वडापची जीप चालवायचे, खिंडीतून भाड्यानं माणसं ने-आण करायचे. खिंडीतल्या वाघजाईच्या वळणावर ट्रक ओलांडायला गेले आणि जीप सरळ दरीत. माणूस फार चांगला, पण पायाला लगाम नव्हता. आई रोज सकाळी सांगायची, "सावकाश जावा," आणि ते रोज हसायचे. जीपमध्ये त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं, तेवढीच देवीची कृपा.

तेव्हापासून आईचा एक नेम होता. खिंडीतून जाताना वाघजाईच्या वळणावर गाडी थांबवायची, शेंदूर लावलेल्या दगडापुढं साखरेची चिमूट ठेवायची, दरीकडं तोंड करून हात जोडायचे, मग पुढं. गाडी कुणाचीही असो, घाई कितीही असो. वडापवाले सगळे तात्यांच्या ओळखीचे, ते मुकाट थांबायचे.

मी तालुक्याच्या शाळेत पीटी शिकवायचे. खो-खोची पोरगी, एका जागी बसणं मला आजही जमत नाही, आणि आता तर रिटायर व्हायला आले; ही गोष्ट माझ्या तरुणपणची. शैलाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गावाला बाहेर पडायचा रस्ता एकच, खिंडीचा. वेळ आली तर कुणाच्या दारात जाऊन "जीप काढा हो" म्हणायचं नाही, एवढाच विचार होता. आईनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. नारळ फोडायला बोलावलं तर "माजं डोकं दुकतंय" म्हणून आत जाऊन पडली. बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग एका दुपारी काखेत काहीतरी घेऊन अंगणात आली.

"हे पायाखाली घाल. गाडीचा पत्रा गार असतोय. थंडीत पाय वळतील."

छोटी गोधडी होती. ड्रायव्हरच्या पायाखाली बरोबर मावेल अशी मापाला शिवलेली, वर जुन्या नऊवारीचा निळा काठ, आणि सरकू नये म्हणून चार नाड्या. आईनं स्वतः वाकून त्या नाड्या सीटच्या पायांना बांधल्या. उजव्या कोपऱ्यात गोधडी जरा जास्त जाड होती, चिंध्यांचा गोळा झाल्यासारखी. मला वाटलं, आईच्या हाताला आता पहिल्यासारखी सफाई राहिली नाही. पण मला कोण आनंद झाला! म्हटलं, चला, सुटलो. आईनं गाडी पदरात घेतली.

आणि त्यानंतर काही दिवसांतच गाडीनं हे नाटक सुरू केलं.

सपाटीला ठीक चालायची. सुरू व्हायला त्रास नाही, धूर नाही, आवाज नाही. पण चढ आला, कुणाला ओलांडायचं झालं, की पाय टेकला तरी पुढं जायला तयार नाही. माझी ती पहिलीच गाडी. चांगली गाडी पायाखाली कशी लागते ते मला कुठं ठाऊक? पाय टेकला म्हणजे संपलं, पुढचं काम इंजिनाचं, एवढंच मला माहीत. त्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शैलाचं बीपी बघून स्पष्ट सांगितलेलं, "कळा सुरू झाल्या की घरी वाट बघत बसायचं नाही. लगेच निघायचं. उशीर चालणार नाही." म्हणजे त्या दिवसाच्या आत गाडी ठीक व्हायलाच पाहिजे होती. माझ्या जिवाला दुसरा घोर नव्हता. शाळेत पोरांना कवायत देताना मी एकच आकडा दोनदा म्हणायचे.

स्टँडमागं निजाम मिस्त्रींचं गॅरेज होतं. एसटीवाल्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी गाडी त्यांच्याकडं टाकायची ठरवली. सकाळी निघताना आई गोधडीच्या नाड्या सोडत बसलेली.

"आता हे कशाला काढतेस?"

"मिस्त्रीकडं टाकायलीस न्हवं? तेलाचे हात लावतील, पाय पुसतील मेले. माज्या लुगड्याचा काठ हाय त्येला." त्या सकाळी खिंडीत ओलांडायला कुणी आडवं आलं नाही, मी भीत भीत सावकाशच गेले.

निजाम मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि ॲक्सिलेटरची तार हातानंच ओढून इंजिन रेस केलं. गाडी अशी डरकाळली की शेजारच्या चहावाल्यानं वळून बघितलं.

"बाई, हिला काय झालंय?"

"चढाला घेत नाही."

"घेती की! ऐका." पुन्हा डरकाळी.

"इथं घेते हो. खिंडीत घेत नाही."

"म्हणजे नवऱ्यासारखं झालं. बाहेर वाघ, घरात मांजर." ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले. पण माणूस कामाला पक्का. एअर फिल्टर काढून हवा मारली, प्लग घासले, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला. माझ्यासमोर रस्त्यावर चक्कर मारून आणली. "जा आता. विमान आहे."

संध्याकाळी मी घरी आले ती गाणं म्हणत. विमानच होतं ते! खिंड तिसऱ्या गिअरवर चढले. सकाळी शाळेला निघाले, वाघजाईचं वळण आलं आणि विमानाची परत बैलगाडी झाली.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. "कचरा होता, बाई. एवढ्याशा भोकात एवढासा कचरा." परत विमान, परत बैलगाडी. तिसऱ्या खेपेला मी हट्टच धरला. म्हटलं, मिस्त्री, तुम्ही माझ्याबरोबर खिंडीत चला आणि डोळ्यांनी बघा. बिचारे हातातलं काम टाकून आले. मी गाडी चालवली, ते शेजारी. आणि काय सांगू! ती भवानी हरणासारखी पळाली. एक ट्रक ओलांडला, एक जीप ओलांडली, वळणावर दुसरा गिअर टाकायचीसुद्धा वेळ आली नाही.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बाई, राग मानू नका. मशीन ओके आहे. तुमच्या मनात भीती आहे. या खिंडीत तुमच्या वडिलांचं झालेलं… माणसाचा पाय आपोआप आखडतो."

मला असा संताप आला! "माझा पाय आखडतो? राज्य पातळीवर खेळलेय मी! या पायानं!"

"खेळाचा पाय वेगळा, बाई."

मी त्यांना स्टँडवर सोडलं आणि घरी येईपर्यंत स्वतःच्या पायाकडं बघत आले. खरंच आखडत असेल का? रात्रभर तोच किडा डोक्यात. सकाळी आईनं धुऊन वाळवलेली गोधडी परत बांधून ठेवली होती. मी गाडी काढली आणि चढाला पाय इतका दाबला की पोटरी दुखायला लागली. नाही म्हणजे नाही. आता मला गाडीपेक्षा स्वतःची भीती वाटायला लागली.

मिस्त्रींनी पेट्रोलचा पंप मागवून ठेवला होता. तो सोमवारी बसवायचा ठरला. रविवारी दुपारी शैलाला कळा सुरू झाल्या.

जीपा सगळ्या बाजाराला गेलेल्या. मी गाडी दारात आणली, आईनं शैलाला मागच्या सीटवर आडवी घेतली, तिचं डोकं मांडीवर. शेजारणीनं गुळाचा खडा हातावर ठेवला आणि आम्ही निघालो. सपाटीला गाडी नीट पळाली. चढ लागला आणि मी मनात वाघजाईला म्हटलं, आजच्या दिवस. फक्त आजच्या दिवस.

चढाच्या पहिल्याच वळणाला समोर उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. ठासून भरलेल्या.

मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. ट्रॅक्टरवाल्यानं बाजू दिली बिचाऱ्यानं, हातानं खूणही केली, या म्हणून. मी उजवीकडं काढली, पाय टेकवला. पहिल्या ट्रॉलीच्या अर्ध्यापर्यंत गेले आणि तिथंच लटकले. ना पुढं, ना मागं. पुढं वळण दिसायला लागलं, मी परत मागं आले.

"ताई, डोळ्यांपुढं अंधारी येतीय," शैला म्हणाली. मग ती जी किंचाळली ती अजून कानात आहे.

"संजे, काय करायलीस? जा की म्होरं!" आई म्हणाली.

"कशी जाऊ? गाडीच घेत नाही! किती दिवस झाले, घेत नाही! त्या दिवशी एसटीखाली गेलो असतो दोघी!"

बोलून गेले. तोंडात तीळ भिजत नाही तो असा.

"कंच्या दिवशी?"

"शैलाला दाखवून येत होतो तेव्हा. असंच ओलांडायला काढली आणि मधेच बसली. समोरून एसटी. तुला सांगितलं नाही, तू काळजी करशील म्हणून."

शैला कण्हत होती, ट्रॅक्टर फटफटत होता. मी आरशात आईकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी थांबव."

"आई, वळण अजून पुढं आहे. आणि आज नको. मी हात जोडते तुला. साखर उद्या ठेव!"

"संजे, गाडी थांबव म्हनते ना!"

असा आवाज मी तिचा तात्या गेले त्या दिवशी ऐकला होता. मी कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. रडायला येत होतं रागानं. आईनं शैलाचं डोकं अलगद सीटवर ठेवलं, उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं.

"पाय वर घे."

"काय?"

"पाय वर घे, ऐकू येत न्हाई?"

मी दोन्ही पाय वर घेतले. आई गुडघ्यावर बसली आणि गोधडीच्या नाड्या सोडायला लागली. गाठ सुटेना. तिनं सरळ दात लावले. एक नाडी तुटली, दुसरी तुटली, उरलेल्या दोन तिनं हिसडा मारून तोडल्या आणि ती गोधडी गाडीबाहेर ओढून उतारावरच्या घाणेरीच्या झुडपात भिरकावून दिली. मग मागं जाऊन बसली, शैलाचं डोकं मांडीवर घेतलं.

"आता दाब."

"आई, त्यात काय होतं?"

"मागनं सांगीन. दाब!"

मी गाडी काढली. ट्रॅक्टर तोवर थोडा पुढं गेला होता. रस्ता मोकळा बघून उजवीकडं घेतली आणि पाय दाबला. पाय नेहमीच्या जागी आला आणि टेकला नाही. खाली गेला. अजून खाली गेला. गाडीनं असा झोका दिला की मीच घाबरले. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टरवाला गेला, आणि माझ्या एकदम ध्यानात आलं. मिस्त्रींकडं जाताना गोधडी नाही. घरी आल्यावर गोधडी. मिस्त्री तार हातानं ओढणार, पायानं नाही. अरे देवा! माझा पाय आखडत नव्हता. माझ्या पायाखाली कुणीतरी आडवं पडलेलं होतं.

वाघजाईचं वळण आलं. सवयीनं माझा पाय ब्रेककडं गेला.

"थांबू नगं," मागून आई म्हणाली. "हाण, लेकी. हाण!"

शेंदराचा दगड उजव्या हाताला झर्रकन मागं गेला. आईनं हात जोडले नाहीत. ते शैलाच्या कपाळावर होते.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या. त्यांनी शैलाकडं बघितलं आणि दुसरं काही न विचारता स्ट्रेचर मागवलं. अंधार पडायच्या आत मुलगी झाली. शैलाचं बीपी फार वर गेलं होतं, पण ती वाचली. "थोडं अजून थांबला असता तर मला सांगता आलं नसतं," असं बाई म्हणाल्या.

आई बाकावर बसली होती. मी शेजारी बसले तशी म्हणाली, "म्या मारलं असतं तुमाला. दोघींस्नी. तिगींस्नी."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. मला राग आला होता. रात्र रात्र मी स्वतःच्या पायाला बोल लावत होते आणि ही बाई घरात गोधडी धुऊन वाळत घालत होती! शैला दवाखान्यात होती तेवढे दिवस मी आईशी कामापुरतं बोलले. निजाम मिस्त्रींना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी पंपाचा डबा उचलून फळीवर ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मला संशय होताच."

बाळाला घेऊन घरी निघालो. शैला मागं, बाळ तिच्या कुशीत, आई तिच्या शेजारी. वाघजाईचं वळण जवळ आलं तशी आई म्हणाली, "जरा थांबव."

थांबवली. नेमाप्रमाणं ती उतरली. पण दगडाकडं गेलीच नाही, रस्त्यानं खाली चालत गेली आणि पदर खोचून उतारावरच्या झुडपात शोधायला लागली. मी बराच वेळ बघत बसले. मग मलाच राहवेना. गेले.

"सोड ना, आई. काठाचं एवढं काय?"

"काठ गेला खड्ड्यात."

गोधडी घाणेरीच्या मुळाशी मला सापडली. दवानं भिजलेली. हातात घेतली आणि उजवा कोपरा चाचपला. आत काहीतरी कडक होतं. मी आईकडं बघितलं. मी दातांनी टाका तोडला, चिंध्या बाजूला केल्या. आत चपलेचा तळ होता. टायरचा, जाडजूड, टाचेला झिजलेला. मोठ्या मापाचा. उजव्या पायाचा.

तात्यांना वर आणलं तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल राहिली होती. पुढं तिचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"ह्याच पायानं दाबायचा," आई म्हणाली. "रोज सांगायची, सावकाश जावा. कदी ऐकलं न्हाई. तू गाडी आणलीस, तुजा पाय बी त्येचाच. तू तरी कुटं ऐकतीस? म्हनलं, आता त्योच ठेवते तुज्या पायाखाली. त्येला माजं ऐकू गेलं न्हाई, निदान पोरीला तरी आडवंल." तिनं तळ माझ्या हातातून घेतला. "मला ठावं न्हवतं गं, की कदी कदी दाबावं बी लागतंय."

माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी तिला तिथंच रस्त्यावर मिठी मारली आणि दोघी रडलो. उसाचे ट्रॅक्टर शेजारून जात होते, ड्रायव्हर बघत होते, बघू देत.

आईनं तो तळ पदरानं पुसला आणि वाघजाईच्या दगडामागं ठेवला. साखर ठेवली, हात जोडले. मग गाडीत येऊन बसली.

"चल. सावकाश हाण. आता घाई न्हाई."

मी सावकाश हाणली. अगदी सावकाश. पायाखाली नुसता पत्रा होता, गार. बाळ मागं झोपलं होतं, मला कुठला खड्डा चुकवू आणि कुठला नको असं झालेलं. उतार संपला, सपाटी लागली, तरी मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागून हॉर्न वाजला. उसाचा एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या घेऊन, आम्हाला ओलांडून फटफटत पुढं गेला. ड्रायव्हर माझ्याकडं बघून हसला.

आईनं मान पुढं काढली.

"आगं बया, ट्रॅक्टर म्होरं गेला की! दाब की जरा."